बिघाड दोन मॉडच्या मध्ये असतो

बेथेस्डा कंपनीचा ‘स्कायरिम’ हा गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आला. इतक्या वर्षांनंतरही तो हौसेने खेळला जातो, याचं मोठं श्रेय मॉडना आहे. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांपैकीच कुणीतरी तयार केलेली भर: नवी गावं, नव्या मोहिमा, अधिक रेखीव चित्रं, कंपनीकडून राहून गेलेल्या चुकांची दुरुस्ती. बहुतेक मॉड फुकट मिळतात आणि एकेक बसवताना फारसं काही अडत नाही. पाच-दहा होतात, पन्नास होतात, आणि एक दिवस गेम सुरू होताहोताच बंद पडतो. मग शेवटी बसवलेला मॉड काढायचा, तेवढ्याने भागलं नाही तर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून बसवायचं, ही सर्रास रीत आहे. या रीतीचा पायाच चुकीचा आहे, असं मला वाटतं. माणूस नासका मॉड शोधायला निघतो. पण बहुतेक वेळा प्रत्येक मॉड आपापल्या जागी धड असतो आणि बिघाड दोन मॉडच्या, किंवा मॉड आणि गेमच्या, संबंधात असतो.

एक तलवार घेऊ. स्कायरिममधल्या प्रत्येक वस्तूची एक नोंद असते. तलवारीच्या नोंदीत तिचं नाव, वजन, किंमत, घावाची ताकद असं सगळं एकत्र असतं. समजा, एका मॉडने फक्त ताकद वाढवली आणि दुसऱ्याने फक्त किंमत. दोघांनी वेगळ्या गोष्टींना हात लावलाय, तेव्हा दोन्ही बदल दिसतील असं कुणालाही वाटेल. पण गेम बदललेला तेवढाच आकडा उचलत नाही, अख्खी नोंद उचलतो, आणि जो मॉड शेवटी लोड होतो त्याचीच नोंद कायम राहते. किंमत बदलणाऱ्याच्या नोंदीत ताकदीचा मूळ आकडा जसाच्या तसा आलेला असतो. तो शेवटी लोड झाला, की पहिल्याचं काम एकावर एक ठेवलेल्या कागदांतल्या खालच्या कागदासारखं झाकलं जातं. गेम बंद पडत नाही, कसली सूचनाही येत नाही. खेळणारा मात्र ‘ताकदीचा मॉड चालत नाही’ म्हणून तो काढून टाकतो, आणि त्या मॉडमध्ये तर काहीच खोट नव्हती. क्रम उलटा केला तर ताकद येते, पण किंमत जाते. खरा इलाज म्हणजे पॅच: दोन्ही नवे आकडे असलेली तिसरी नोंद, सगळ्यांच्या शेवटी लोड होणारी. ‘एसएसई-एडिट’ या प्रोग्राममध्ये अशा नोंदी शेजारीशेजारी रकान्यांत उघडतात आणि कुणी कुणाला झाकलं ते रंगांवरून कळतं. क्रम आपोआप लावून देणारा ‘लूट’ हा प्रोग्राम असताना एवढी उठाठेव कशाला, असं कुणी विचारेल. लूट उपयोगाचाच आहे. कोणती फाइल कोणाच्या आधी हवी हे तो चांगलं सांभाळतो. पण दोन नोंदी एकत्र करणं हे त्याचं कामच नाही, आणि वरची तलवार त्याच्या क्रमानेही अर्धीच राहते.

मॉड आणि गेम यांच्यातला बिघाड याहून त्रासदायक, कारण खेळणाऱ्याने काहीच केलेलं नसतं. स्कायरिमचे बरेच मोठे मॉड ‘स्कायरिम स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ या जोडप्रोग्रामवर उभे आहेत आणि हा जोडप्रोग्राम गेमच्या नेमक्या आवृत्तीशी बांधलेला असतो. ११ नोव्हेंबर २०२१च्या अपडेटने गेमची मुख्य फाइल बदलली आणि कालपर्यंत सुरळीत चालणारे मॉड एका रात्रीत अडले. याच कंपनीच्या ‘फॉलआउट ४’वर आधारलेला ‘फॉलआउट लंडन’ हा प्रचंड मॉड २३ एप्रिल २०२४ला यायचा होता. २५ एप्रिलला गेमचं अपडेट येणार असं कळल्यावर तो लांबला आणि जुलैत आला. कंपनीने आपला गेम सुधारूच नये का, हा आक्षेप रास्त आहे. तिने सुधारावाच. पण म्हणून मॉड तयार करणाऱ्याला, जो बहुधा फावल्या वेळात, बिनपैशाने राबतो, दोष देण्यात अर्थ नाही. त्याचा मॉड कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते त्याने लिहिलेलं असतं. ते आधी वाचावं आणि गेम जिथून घेतला त्या ‘स्टीम’ या सेवेत आपोआप होणारं अपडेट रोखून धरावं.

शोध घ्यायचा तर निम्मे-निम्मे करून घ्यावा. १२० मॉड असतील तर ६० बंद करून पाहायचं, बिघाड ज्या निम्म्यात दिसेल त्याचे पुन्हा दोन भाग करायचे; सात फेऱ्यांत एकावर येता येतं. मात्र ज्या मूळ फाइलवर दुसरे मॉड अवलंबून आहेत ती एकटी बंद करायची नाही, नाहीतर गेम मुख्य मेनूपर्यंतही पोचणार नाही आणि आपण भलत्याच बिघाडामागे लागू. कधीकधी दोन्ही निम्मे स्वतंत्रपणे व्यवस्थित चालतात आणि एकत्र आले की गेम कोसळतो. इथे बरेच जण हात टेकतात. खरं तर हाच सगळ्यांत बोलका पुरावा आहे: दोषी एक नाही, जोडी आहे, एक या भागात, एक त्या भागात. मग एक भाग पूर्ण चालू ठेवून दुसरा निम्म्याने कमी करत जायचं आणि नंतर भाग बदलून तेच करायचं.

हे सगळं शक्य होण्यासाठी बसवतानाच काळजी घ्यावी लागते. फाइली थेट गेमच्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये टाकल्या, तर एकाची फाइल दुसऱ्याने पुसली तरी पत्ता लागत नाही. ‘मॉड ऑर्गनायझर’ प्रत्येक मॉड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि गेम चालू असतानाच त्यांचा एकत्र आभास तयार करतो, त्यामुळे मूळ फोल्डर जसाच्या तसा राहतो. आता आधीच जुळवून तपासलेले मॉडसंच एका क्लिकवर मिळतात, मग हे शिकायचं कशाला? संच जसाच्या तसा खेळणाऱ्याला खरंच शिकायची गरज नाही. पण त्यात स्वतःच्या आवडीचा एक मॉड घातला, की संच तपासणाऱ्याचा शब्द तिथे संपतो. चाचणी नेहमी नवा खेळ सुरू करून घ्यावी. जुन्या सेव्हमध्ये काढून टाकलेल्या मॉडच्या स्क्रिप्टचे अवशेष उरतात, आणि मॉड गेला तरी त्याचा बिघाड त्या सेव्हमध्ये तसाच राहू शकतो.