आजीची इरकल, नवा थाट

पेटीतली आजीची इरकल परवा पुन्हा नेसले! 🧡 पदर जवळून बघा: लाल रेशमावर पांढरे दातेरी कंगोरे. अंगाचे आणि पदराचे ताणे एकमेकांत फासे अडकवून जोडतात, त्याला ‘टोपे टेनी’ म्हणतात. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची ही खासियत.

ब्लाउज खणाचा, बाह्या फुग्याच्या. १८९०च्या दशकात युरोपात फुगीर बाह्यांची लाट होती. तीच हौस आपल्याकडच्या पोलक्यांतही उतरली.

दागिने मोजकेच. ठुशी गळ्यालगत बसते, म्हणून पदर झाकत नाही. कानात मोत्याच्या कुड्या, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. बास!

टीप: जुनं रेशीम घडीवर विरतं. अधूनमधून घडी बदला, आणि पिनेखाली कापडाचा तुकडा ठेवा.

तुमच्या पेटीत काय दडलंय?