सावत्र भावंडाचा शोध : डीएनए काय सांगतो?

वडील गेल्यावर वारसनोंदीची वेळ येते आणि तेव्हाच कळते, की त्यांचा आणखी एक संसार होता. दौंड हे रेल्वेचे जंक्शन, तर शिरूरशेजारी रांजणगावची औद्योगिक वसाहत. नोकरी आणि बदलीच्या निमित्ताने माणसे येत-जात राहतात आणि नात्याचा धागा एका गावात सुरू होऊन दुसऱ्या गावात हरवतो. कधी तरी तो सापडतो, तेव्हा प्रश्न पडतो : हा खरेच आपला भाऊ आहे का?

मराठीत ‘सावत्र’ हा शब्द दोन नात्यांना चालतो. आई किंवा वडील यांपैकी एक समान असलेले भावंड सावत्रच आणि सावत्र आईने आधीच्या लग्नातून आणलेले मूलही सावत्रच. पहिल्याशी आपले रक्ताचे नाते असते, दुसऱ्याशी नसते. चाचणी फक्त पहिले नाते शोधते.

सख्ख्या भावंडांचा डीएनए सरासरी ५० टक्के जुळतो, तर सावत्र भावंडांचा सरासरी २५ टक्के. मात्र काका-पुतण्या आणि आजोबा-नातू यांच्यातही सरासरी तितकाच डीएनए जुळतो. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून नाते ठरत नाही. वय आणि घरची माहितीही जोडून पाहावी लागते. दोघांच्या आयांचे नमुने मिळाले तर निष्कर्ष अधिक भक्कम होतो.

वडील एकच असतील तर दोन्ही भावांचे वाय गुणसूत्र सारखे असते, पण ते चुलतभावाचेही सारखे असते. दोन बहिणींना वडिलांचे तेच एक्स गुणसूत्र मिळते. भाऊ आणि बहीण असतील, तर यातला कोणताच आधार नसतो. आई एकच असेल तर मायटोकाँड्रियाचा डीएनए जुळतो, पण तो मावसभावंडांतही जुळतो.

हा शोध केवळ जमिनीपुरता नाही. समान पालक थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर त्याच्या प्रत्येक मुलाला वाहक होण्याची शक्यता ५० टक्के असते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. सावत्र भावंड क्वचितच पूर्ण जुळते, पण अर्धे जुळण्याची शक्यता निम्मी असते आणि आज अर्ध्या जुळणीवरही प्रत्यारोपण होते.

लाळेच्या नमुन्यावरून नातेवाईक शोधून देणाऱ्या खासगी कंपन्या आहेत. पण समोरच्यानेही त्याच कंपनीकडे नमुना दिला असेल, तरच जुळणी दिसते. म्हणून सुरुवात कागदांपासून करावी : नगरपालिकेतील किंवा ग्रामपंचायतीतील जन्मनोंद, शाळेचा दाखला, नोकरीतील वारसाचे नामांकन. दत्तक गेलेल्यांसाठी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या नियमांत मूळशोधाची तरतूद आहे, पण जन्मदात्यांची गोपनीयता तिथेही जपली जाते.

समोरच्याच्या संमतीशिवाय त्याचा नमुना घेऊ नये. न्यायालयेही डीएनए चाचणीचा आदेश सरसकट देत नाहीत. प्रकरण वारसाहक्काचे असेल तर आधी वकिलांना विचारावे; घरी मागवलेल्या चाचणीचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून टिकेलच असे नाही. आणि समोर आलेल्या माणसाला पहिल्याच भेटीत नमुना मागू नये. त्याच्यासाठीही ही बातमी नवीच असू शकते.