गंज नेमका कशामुळे?

चिकित्सक विचार म्हणजे एखादे विधान खरे मानण्यापूर्वी त्यामागचा पुरावा तपासणे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० च्या ‘हाउ वी थिंक’ या पुस्तकात, पुरेसा शोध होईपर्यंत निष्कर्ष राखून ठेवण्याला या विचाराचा गाभा मानले. कामाच्या ठिकाणी नेमके हेच जड जाते, कारण तिथे उत्तराची घाई असते.

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे भागांत लहान कारखान्यांची दाटी आहे. समजा, तिथल्या एखाद्या लेथवर कातलेले लोखंडी भाग गंजले म्हणून ग्राहकाने परत पाठवले. जुलै महिना असेल तर उत्तर तयारच असते : पावसाळी हवा. पण त्याच दिवशी, त्याच छपराखाली बनलेले काही भाग स्वच्छ राहिले असतील, तर सगळा दोष हवेवर टाकता येत नाही. गंजलेले भाग कोणत्या मशीनवरचे? तिथल्या कूलंटमध्ये, म्हणजे कापताना धातू थंड ठेवणाऱ्या पाणीमिश्रित द्रवात, पाणी जास्त पडले का? द्रवाची तीव्रता दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ते लगेच कळते. पाणी नळाचे की बोअरचे? खाडीलगत बोअरचे पाणी खारट असू शकते आणि त्यातल्या क्लोराइडमुळे लोखंड लवकर गंजते. घामेजल्या हातांनी माल हाताळला का? पाण्यावर संशय आला, तरी तो अजून अंदाजच. काही भाग नव्या पाण्यावर, काही जुन्या पाण्यावर काढून शेजारी ठेवले म्हणजे खरे काय ते दिसते. ही पडताळणी गाळली, तर मालक हवेलाच दोषी धरून महागडे पॅकिंग घेतो आणि माल पुन्हा परत येतो.

टोयोटाचे ताइची ओनो यांनी अशा शोधासाठी पाच वेळा ‘का?’ विचारण्याची पद्धत रुजवली. तिच्यात एक धोका आहे : पहिलेच उत्तर चुकले, तर पुढचे चारही त्याच चुकीच्या वाटेने जातात. म्हणून प्रत्येक उत्तराला पुरावा हवा.

बहुतेकदा हा पुरावा मशीनवरच्या कामगाराला आधी दिसतो. जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये जपानमध्ये सुरू झालेली कामगारांची गुणवत्ता मंडळे याच जाणिवेवर उभी राहिली. मात्र ‘शेठ सांगतील तसे’ हीच रीत असेल तिथे कामगार दिसलेलेही बोलत नाही. लहान कारखान्यात वेगळे मंडळ जमले नाही, तरी पाळी बदलताना नाकारलेल्या मालावर थोडा वेळ बोलता येते. आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या शिकाऊ मुलाने वहीत ‘दिसले’ आणि ‘वाटले’ असे दोन रकाने आखून नोंदी केल्या आणि सुपरवायझरने त्या रोज वाचल्या, तर चिकित्सक विचाराचे शिक्षण कामातच सुरू होते.