मंगळवार-शुक्रवार, साडेचार

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरची शेजारीण एक फॉर्म घेऊन वर आली. तिची आठ वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून घरीच शिकते, आणि तिला नाटकाच्या वर्गाला जायचंय. माझा मुलगा २०११ ते २०२० जिथे गेला, तोच वर्ग. फॉर्मवर ‘शाळेचे नाव व इयत्ता’ असा रकाना, आणि खाली ठळक अक्षरांत सूचना : शाळेच्या ओळखपत्राची प्रत जोडल्याशिवाय प्रवेश मिळणार नाही. वर्ग आता फक्त शनिवार-रविवारी. “इथं काय लिहायचं हो?” असं तिनं विचारलं. मला पटकन उत्तर सुचलं नाही, आणि रात्री झोप लागली नाही.

आम्ही मुलाला शाळेतून काढलं ते का, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता त्याचा कंटाळा येतो. तो शाळेत रडायचा, घरी आनंदानं शिकायचा, एवढंच. १ एप्रिल २०१० ला शिक्षणहक्क कायदा लागू झाला होता, आणि नात्यातल्या एका काकांनी वर्तमानपत्रातलं कात्रण कापून पाठवलं होतं : तुम्ही गुन्हा करताय. आम्ही कायदा वाचला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्यात आहे; न घातल्यास शिक्षा कोणती, ते कुठेच नाही. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय होतं, एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी. कागदाचे प्रश्न असे सुटत गेले. न सुटणारा प्रश्न एकच होता, आणि तो प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला मला विचारला गेला : एकलकोंडा होईल ना गं?

म्हणून नाटक. मी स्वतः लहान असताना डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनची ग्रिप्स चळवळ पुण्यात आणली होती. १९८६ चं ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ मी आईबरोबर पाहिलं. मोठी माणसं मुलांची कामं करत होती, आणि प्रश्न मात्र खरे आमचेच होते. नाटकात मुलाचं म्हणणं कुणी इतक्या गंभीरपणे घेतं, हे मी विसरले नव्हते.

वर्गाच्या पहिल्या दिवशी मुलांनी घोळका करून त्याला विचारलं, “तुझी शाळा कुठली?” तो म्हणाला, “मी घरी शिकतो.” क्षणभर शांतता. वर्ग घेणाऱ्या ताई भिंतीशी उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “बरं, तुझा आवाज त्या शेवटच्या खिडकीपर्यंत पोचतो का, बघू.” पोचला. विषय संपला. पुढच्या नऊ वर्षांत ताईंनी त्याला शाळेबद्दल एकदाही विचारलं नाही.

मंगळवार आणि शुक्रवार हे आमच्या आठवड्याचे दोन खांब झाले. त्या दिवशी सकाळी वेगळा ‘अभ्यास’ नसे, कारण सगळा दिवसच अभ्यास होता. जोडाक्षरं तो पुस्तकातून शिकला नाही. ‘दुष्ट’, ‘राज्याभिषेक’, ‘प्रतिज्ञा’ हे शब्द संहितेत होते आणि ते चुकले तर समोरच्याला पुढचं वाक्य घेता येत नव्हतं, म्हणून शिकला. मी भाजी निवडत दुसऱ्या पात्राची वाक्यं म्हणायची, तो स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत आपली. जेवण एकच्या आत. मग मुकुटाला पुठ्ठा, खळ, सोनेरी कागद. डोक्याचा घेर सुतळीनं मोजायचा, सुतळी पट्टीला लावायची. नेपथ्याचा नकाशा काढताना प्रमाण आलं, आणि प्रमाणातून अपूर्णांक.

तीनच्या सुमाराला कर्वेनगरहून बस. डेक्कनला उतरून लकडी पुलावरून चालत सदाशिव पेठेत. पावसाळ्यात पुलावर दहा मिनिटं जायचीच. खडकवासल्यातून किती क्युसेक पाणी सोडलंय, हे तो सकाळी पेपरात वाचून ठेवायचा, आणि भिडे पूल बुडालाय का ते बघायचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. आपल्या बादल्या किती, हा हिशेब अलका चौकापर्यंत चालायचा. साडेचारला गणवेशातली, पाठीवर दप्तरं घेतलेली मुलं दमून यायची. ताई त्यांना आधी पाच मिनिटं जमिनीवर उताणी पडू द्यायच्या. आमचा त्यांच्या शेजारी पडायचा, तो दमलेला नसला तरी.

मी बाहेरच्या पायऱ्यांवर. दोन तास. बाकीच्या आया युनिट टेस्टबद्दल बोलायच्या, मी गप्प असायचे. पण आतून ‘पुन्हा! एंट्री पुन्हा!’ ऐकू आलं की आम्ही सगळ्याच कान द्यायचो. तेव्हा मला एकटं वाटायचं नाही.

२०१५ चा डिसेंबर मी अजून माफ केलेला नाही. वर्गाचं चाळीस मिनिटांचं नाटक आंतरशालेय स्पर्धेत उतरवायचं ठरलं. बरीचशी मुलं एकाच शाळेची होती, तिच्या नावावर प्रवेशिका गेली. इतर दोघांना त्या शाळेनं सामावून घेतलं, कारण त्यांच्याकडे कुठल्या तरी शाळेचा दाखला होता. माझा मुलगा कोतवाल होता. दीड महिना तालीम झालेली. तीन दिवस आधी निरोप आला : मुख्याध्यापकांचा सही-शिक्का नसलेलं मूल चालणार नाही. मी स्पर्धेच्या कार्यालयात गेले. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, “बाई, स्पर्धा आंतरशालेय आहे. शाळा नाही तर मूल कुठून आणणार?” माझं दहा वर्षांचं मूल शेजारी उभं होतं.

ताईंनी त्याच्याकडे प्रॉम्प्टिंग दिलं. तेही स्पर्धेच्या दिवशी नाकारलं गेलं. तो सहाव्या रांगेत माझ्याशेजारी बसला. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला आणि सगळ्यांची वाक्यं त्याच्या ओठांवर आली, आवाजाशिवाय. एका मुलीचं वाक्य अडलं तेव्हा त्यानं माझा हात इतका घट्ट दाबला की नखं रुतली. तिला आठवलं. त्यानं हात सोडला.

नंतरची वर्षं भरभर गेली. २०१८ मध्ये रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ नव्यानं आलं, वैभव मांगले यांची चेटकीण बघायला मुलांनी थिएटरं भरली, आणि मला वाटलं, आता बालनाट्याला दिवस आले. आले ते प्रेक्षक मुलांना. काम करणाऱ्या मुलांचं काय झालं, ते मी पायऱ्यांवरून बघत होते. मधल्या वारी कुणाला वेळ उरला नाही. शाळा लांबल्या, शिकवण्या वाढल्या. मार्च २०२० मध्ये सगळंच बंद झालं. मे महिन्यात मतकरी गेले, आणि त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला की त्या आता थांबतायत. पडद्यावरच्या चौकोनांत त्यांना शिकवायचं नव्हतं. ‘मुलाचा श्वास दिसत नाही,’ असं म्हणाल्या.

ऑक्टोबर २०२१ मध्ये नाट्यगृहं उघडली. वर्गही उघडला, नव्या हातांत. आता तिथे नाटक बसत नाही. व्यक्तिमत्त्व विकास, ऑडिशनची तयारी, कॅमेऱ्यासमोर अर्ध्या मिनिटाचा उतारा. प्रत्येक मूल एकटं उभं राहतं, आपलं बोलतं, बाजूला होतं. समोरच्याचं वाक्य ऐकायचं कामच उरलेलं नाही. माझ्या मुलाला एकलकोंडा म्हणणाऱ्यांना हे का दिसत नाही?

मुलगा आता वीस वर्षांचा आहे, हौशी संस्थेत प्रकाशयोजना बघतो. फॉर्मची गोष्ट सांगितली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “रकाना रिकामा ठेव आणि पाठव. मागच्या बाजूला लिही, आवाज शेवटच्या खिडकीपर्यंत पोचतो.”

शेजारणीनं तसंच लिहून फॉर्म दिलाय. तीन आठवडे झाले, अजून उत्तर नाही. मुलगी रोज संध्याकाळी वर येऊन विचारते.