तुला काय काय येतं?

शून्य, शून्य, शून्य, चार, दोन हजार बारा.

विलेपार्ल्यातल्या एखाद्या घरातून, साध्या लॅपटॉपवरून, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या डेटा-कोठाराशी बोलायचं असेल तर बोलणं या पाच आकड्यांनी सुरू होतं. प्रत्येक आकडा चार बाइटचा, म्हणजे सगळं मिळून २० बाइट. एवढ्यावरून पलीकडचा सर्व्हर ओळखतो, की समोरचा एक्सरूटडी या प्रोटोकॉलमध्ये बोलणारा आहे. मग तो आपली आवृत्ती कळवतो आणि सोबत हेही सांगतो, की आपण स्वतः फाइली सांभाळतो की नुसती ‘त्याच्याकडे जा’ अशी वाट दाखवतो.

यातला २०१२ हे साल नव्हे. एक्सरूटडी त्याच्या बरीच आधीची. तिच्याही आधी रूटडी नावाचा प्रोग्रॅम होता. त्यात प्रत्येक संदेशाला एक क्रमांक असे आणि २०१२ हा ‘तुझा प्रोटोकॉल कोणता?’ या प्रश्नाचा क्रमांक. अलीकडचा ४ म्हणजे त्या संदेशाची लांबी. आता गंमत पाहा: हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा सर्नने केली ती ४ जुलै २०१२ रोजी. निव्वळ योगायोग, पण कळल्यावर अंगावर शहारा येतोच.

त्या शोधातल्या दोन प्रयोगांपैकी सीएमएसमध्ये मुंबईचा वाटा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्या यंत्राचा बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमापक घडवायला हातभार लावला, आणि सीएमएसच्या जगभर पसरलेल्या संगणकजाळ्यातलं दुसऱ्या स्तराचं एक केंद्रही तिथेच आहे. अशा केंद्रांची साठवण सारखी नसते. कुठे जुनी आवृत्ती, कुठे नवी. कुठे एक सोय चालू, कुठे बंद. म्हणून फाइल मागायच्या आधी क्लायंटने विचारायचं असतं: तुला काय काय येतं?

दादरला गाडीत पाय टाकण्याआधी पार्लेकर दारातल्या माणसाला विचारतो, ‘पार्ल्याला थांबते का?’ आणि उत्तर ऐकून मगच चढतो. फास्ट गाडीचा अनुभव त्याने घेतलेला असतो.

संगणकाच्या जगात ही सवय जुनीच आहे. ई-मेलच्या सर्व्हरने आपल्या जादा सोयींची यादी वाचून दाखवावी, ही पद्धत १९९३मध्ये ठरली. एफटीपीला तसाच ‘फीट’ हा आदेश १९९८मध्ये मिळाला. एक्सरूटडीत मात्र पूर्ण यादी मागायची नाही, हवी ती गोष्ट नाव घेऊन विचारायची. तिच्या क्लायंट लायब्ररीत ‘फाइलसिस्टिम’ नावाचा क्लास आहे. त्याला सर्व्हरचा पत्ता द्यायचा आणि ‘क्वेरी’ हे फंक्शन बोलवायचं. प्रश्नाचा प्रकार ‘कॉन्फिग’, आणि सोबत हव्या त्या गोष्टीचं नाव. सी-प्लस-प्लसमध्ये हे जमतं, पायथॉनमध्येही जमतं. प्रोग्रॅम लिहायचा कंटाळा असेल तर ‘एक्सआरडीएफएस’ या आदेशाने टर्मिनलवरही.

‘चेकसम’ विचारलं, तर फाइल धड पोचली का हे तपासायला सर्व्हर कोणती बेरीज वापरतो ते कळतं. बहुतेक ठिकाणी ती अ‍ॅडलर-३२ असते. ‘व्हर्जन’चं उत्तर काय, ते सांगायला नको. खरी मजा ‘रीडव्ही’च्या दोन प्रश्नांत आहे: एका मागणीत फाइलचे किती तुकडे देशील, आणि त्यातला एकेक तुकडा केवढा? नेहमीच्या मांडणीत उत्तरं येतात १०२४ आणि २०,९७,१३६. दुसरा आकडा विचित्र वाटतो, पण तो दोन मेगाबाइटला नेमके १६ बाइट कमी आहे, कारण प्रत्येक तुकड्यापुढे त्याची माहिती सांगणारी १६ बाइटची चिठ्ठी लागते.

या १०२४चं मोल अंतरामुळे. मुंबई ते जिनिव्हा साडेसहा हजार किलोमीटरांहून जास्त. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. केबल सरळ रेषेत टाकली असती तरी एका प्रश्नाच्या जाण्यायेण्यात ६५ मिलिसेकंद गेलेच असते. प्रत्यक्षात समुद्राखालच्या केबली पार्ल्यापासून जवळच, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात, त्याही लांबचा वळसा घेऊन. भौतिकशास्त्रज्ञाला प्रचंड फाइलमधले इथले-तिथले बारीक तुकडेच हवे असतात. १०२४ तुकडे एकेक करून मागितले तर नुसत्या वाट पाहण्यात मिनिटाहून जास्त वेळ जाईल. सगळे एकदम मागितले तर एक फेरी पुरते. सर्व्हरला किती झेपतं हे आधी विचारलेलं असलं, तरच क्लायंटने एवढं मोठं मागणं करावं.

त्याहून भन्नाट प्रश्न आहे ‘टीपीसी’, म्हणजे तिऱ्हाइताने घडवून आणलेली कॉपी. हुकूम पार्ल्यातून सुटतो. फाइल मात्र एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात थेट जाते, तुमच्या वायफायला स्पर्शही न करता. त्यासाठी दोन्ही टोकांना ही विद्या यावी लागते. ती येत असेल तर सर्व्हर ‘१’ म्हणतो. येत नसेल तर? तो चूक दाखवत नाही, ‘नाही’ म्हणत नाही, शून्यही पाठवत नाही. तुमचाच शब्द परत करतो: ‘टीपीसी’. न कळलेल्या कोणत्याही नावाचं तो हेच करतो.

नवख्या प्रोग्रॅमरची दांडी इथे उडते. विनंती यशस्वी झाल्याचा शेरा आलेला असतो, उत्तरात काहीतरी असतंही, आणि प्रोग्रॅम खुशाल पुढे जातो. उत्तर आलं का, एवढंच पाहून भागत नाही. ते ‘१’च आहे का, हे पाहावं लागतं. एक्सरूटडीची स्वतःची कॉपी करणारी आज्ञा नेमकं हेच करते. तिला ‘आधी टीपीसी करून पाहा’ सांगितलं असेल आणि सोय नसेल, तर ती मुकाट्याने फाइल तुमच्या यंत्रातून नेते. ‘टीपीसीच हवी’ सांगितलं असेल तर काम थांबवते. तुमचाच शब्द परत करून दिलेला सर्व्हरचा तो नकार मला आवडतो. आज आलेल्या सोयीचं नाव दहा वर्षांपूर्वीच्या सर्व्हरला माहीत असणं शक्यच नाही. तरी तो कोलमडत नाही, आणि जुना व नवा एकाच जाळ्यात नांदू शकतात.

मिठीबाई, साठ्ये किंवा संघवी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी हे नुसतं वाचून सोडू नये. सर्नचं खुल्या डेटाचं संकेतस्थळ २०१४पासून चालू आहे. २०१६मध्ये एकट्या सीएमएसने तिथे सुमारे ३०० टेराबाइट डेटा एका खेपेत खुला केला. तो वाचायला पासवर्ड लागत नाही, पैसे लागत नाहीत. त्यामागच्या ‘ईओएस-पब्लिक’ या सर्व्हरशी १०९४ या पोर्टवर बोलता येतं. आधी आवृत्ती विचारा, मग ‘टीपीसी’ विचारा. आणि मग जगातल्या कुठल्याच सर्व्हरच्या गावी नसलेलं एक नाव, समजा ‘पार्लेजी’, विचारून काय उत्तर येतं ते बघा.