आंब्यावरील बाशिंग : बांडगूळ नव्हे, बागेचें भूषण

मृगाचे चार पाऊस झाले कीं आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, अकोले तालुक्यांतील भंडारदरा, घाटघर व रतनगड या बाजूस, जुन्या आंब्यांच्या फांद्यांवर एक चमत्कार दृष्टीस पडतो. उन्हाळाभर वाळल्या पाचोळ्यासारख्या दिसणाऱ्या तपकिरी झुबक्यांतून हिरवे कोंब निघतात, आणि थोड्याच दिवसांत खोल कातरलेलीं लांब पानें फांदीभर डोलूं लागतात. नवरदेवाच्या कपाळीं बाशिंग शोभावें तशी ही झाडाच्या अंगावरची शोभा दिसते, आणि लोकही या वनस्पतीस बाशिंगच म्हणतात. ही नेच्याची एक जात असून शास्त्रज्ञ तिला ड्रायनेरिया क्वर्सिफोलिया असें म्हणतात.

दुर्दैवानें कित्येक बागाईतदार बाशिंगास बांडगूळ समजून कोयत्यानें खरवडून काढतात. हा गैरसमज आधीं दूर केला पाहिजे. बांडगूळ आपलीं शोषक मुळें फांदीच्या आंत घुसवून झाडाचा रस पितें. त्याचें बीं पाखरें पसरवितात, आणि तें घालवावयाचें तर फांदी त्याच्या खालून कापावी लागते. बाशिंगाचीं मुळें सालीवर केवळ चिकटून राहतात, आंत शिरत नाहींत. तें झाडाकडून आश्रय तेवढा घेतें, अन्न घेत नाहीं. ओळखण्याची खूणही सोपी आहे. बांडगुळास फुलें व फळें येतात. बाशिंगास तीं कधींच येत नाहींत. त्याच्या हिरव्या पानाच्या पाठीवर बारीक ठिपक्यांच्या ओळी दिसतात, व त्या ठिपक्यांतील बीजुकांपासून त्याची पैदास होते. मात्र वाळक्या किंवा किडक्या फांदीवर बाशिंगाचा मोठा भार झाला असेल, तर वाऱ्यानें ती मोडण्याचा संभव असतो. अशा ठिकाणचें तें उतरवून दुसरीकडे लावणें शहाणपणाचें होय.

बाशिंगाचीं पानें दोन प्रकारचीं असतात. लांब हिरवीं पानें अन्न तयार करतात व कोरड्या ऋतूंत गळून पडतात. दुसरीं आंखूड पानें खोडाला चिकटून राहतात; तीं लवकरच तपकिरी होतात, परंतु गळत नाहींत. त्यांच्या मागें पालापाचोळा व धूळ सांचून खत बनतें, आणि त्यांत बाशिंगाचीं मुळें वाढतात. जणूं प्रत्येक बाशिंग आपला उकिरडा आपल्या पाठीशीं बाळगून असतें. म्हणून हीं तपकिरी पानें मेलेलीं समजून तोडणें म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणें होय.

प्रस्तुत लेखकानें पहिलें बाशिंग कुंडींत, काळ्या मातींत शेणखत घालून पुरलें होतें. पंधरा दिवसांत त्याचें खोड कुजून गेलें. ज्या वनस्पतीचीं मुळें वाऱ्यावर वाढावयाचीं, तीं चिकणमातींत गुदमरणारच. तेव्हांपासून पुढील रीत पत्करली व ती फलदायी ठरली.

लावणीस मृग ते पुनर्वसु हा काळ उत्तम. आंब्याची किंवा जांभळीची साल असलेली फांदी अथवा खडबडीत फळी घ्यावी; तिला रंग किंवा डांबर लागलेलें नसावें. नारळाचा काथ्या दोन-तीन पाण्यांत धुऊन त्यांतील क्षार काढून टाकावा, त्यांत कुजलेला पालापाचोळा व लोणारी कोळशाचे बारीक तुकडे मिसळावे, आणि या मिश्रणाची तळहाताएवढी जाड गादी फळीवर पसरावी. वीतभर लांबीचें, निदान एक वाढतें टोंक असलेलें खोड तीवर आडवें ठेवावें. तें झांकूं नये. त्याची पाठ उघडी राहिली पाहिजे. मग सुताच्या किंवा काथ्याच्या दोरीनें तें घट्ट, परंतु न कापेल असें बांधावें. तांब्याची तार वापरूं नये, कारण तांब्याचा अंश नेच्यांस बाधतो. दोरी कुजेपर्यंत मुळें आपली पकड घेतात.

जिवंत झाडावर लावावयाचें असल्यास आंबा, जांभूळ किंवा उंबर यांचें पुरुषभर उंचीवरील बेचकें निवडावें. पेरूची साल वरचेवर सुटते, म्हणून त्यावर बाशिंग टिकत नाहीं.

खरी अडचण पुढें आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील धुकें व पाऊस एकीकडे, आणि पर्जन्यछायेंतील पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांचें कोरडें ऊन दुसरीकडे. एकाच जिल्ह्यांत दोन मुलूख आहेत. म्हणून पूर्वेकडील वाचकांनीं फळी घराच्या उत्तरेच्या भिंतीस किंवा दाट आंब्याखालीं टांगावी. पावसाळा सरल्यावर आठवड्यांतून दोनदां ती बादलीभर पाण्यांत दहा मिनिटें बुडवून निथळूं द्यावी. फाल्गुनापासून हिरवीं पानें गळूं लागतील. तेव्हां झाड मेलें असें समजून तें फेंकूं नये. त्या काळांत खोड सुरकुतणार नाहीं इतकेंच पाणी सकाळीं शिंपडावें व बाजूस ओलें गोणपाट टांगावें. विहिरीचें पाणी खारें असल्यास पावसाचें पाणी रांजणांत सांठवून वापरावें. खत म्हणून वाढीच्या दिवसांत महिन्यांतून एकदां, शेणाचें पातळ केलेलें व गाळलेलें पाणी पुरेसें आहे.

रोपवाटिकांतून सांबराच्या शिंगासारख्या पानांचा प्लॅटिसेरियम हा नेचा विकत मिळतो. त्याची बहुधा आढळणारी जात ऑस्ट्रेलियाची आहे. त्याचीही बांधणी अशीच करावी. मात्र त्याचीं हिरवीं पानें बाशिंगाप्रमाणें दरवर्षीं गळत नाहींत. तेव्हां त्याचें पाणी उन्हाळ्यांत तोडूं नये.

शेवटीं एक कळकळीची विनंति. कळसूबाई–हरिश्चंद्रगड हें सन १९८६ पासून अभयारण्य आहे, व सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें तेथून परवानगीवांचून वनस्पति आणणें हा गुन्हा आहे. सहलीस गेलेल्यांनीं झाडावरून ओरबाडलेलें बाशिंग बहुधा गांवीं पोहोंचेपर्यंत सुकतें, आणि ती फांदी मात्र उघडी पडते. अभयारण्याबाहेर, मालकीच्या बांधावरील आंब्याची फांदी वाऱ्यानें मोडून पडली असेल, तर मालकाच्या संमतीनें तीवरील खोडाचा तुकडा आणावा. एका तुकड्यापासून कांहीं वर्षांत चार होतात, आणि त्यांतील दोन शेजाऱ्यांस देतां येतात. ज्यांच्या बांधावर बाशिंग आपण होऊन आलें आहे, त्यांनीं तर कांहींच करावयाचें नाहीं. कोयता तेवढा आंवरावा, म्हणजे पुढल्या मृगांत तो आंबा पुन्हां नवरदेव होऊन उभा राहील.