हेकरूची ओळख : आकडे, ठिपके आणि जनुके

उष्ण कटिबंधातील प्रवाळखडकांच्या कपारींत राहणाऱ्या ग्रूपर माशांच्या, म्हणजेच कोकणात ज्यांना हेकरू किंवा गोब्रा म्हणतात त्या माशांच्या अभ्यासात सर्वांत चिवट ठरलेला प्रश्न त्यांच्या आहाराचा किंवा पैदाशीचा नाही; हाती आलेला मासा नेमका कोणत्या प्रजातीचा आहे, हाच तो प्रश्न होय. फिलिप हीम्स्ट्रा आणि जॉन रँडल या मत्स्यशास्त्रज्ञांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी 1993 मध्ये सिद्ध केलेल्या सूचीत जगभरातील ग्रूपरच्या 159 प्रजाती नोंदवल्या आहेत. त्यांपैकी बऱ्याच प्रजाती रंगावरून सहज वेगळ्या काढता येतात, परंतु हिंदी महासागरापासून पश्चिम प्रशांत महासागरापर्यंत आढळणाऱ्या तीन ठिपकेदार प्रजातींनी जाणकारांनाही दीर्घकाळ चकवले. एपिनेफेलस टॉव्हिना, एपिनेफेलस मलबारिकस आणि एपिनेफेलस कोइऑइडिस ही त्यांची शास्त्रीय नावे होत.

या गोंधळाचे मूळ अठराव्या शतकापर्यंत जाते. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेतील निसर्गतज्ज्ञ पेटर फोर्सकॉल याने तांबड्या समुद्रातील ठिपकेदार माशाला टॉव्हिना हे नाव दिले. तो 1763 मध्ये येमेनमध्ये मरण पावल्यामुळे त्याचे टिपण सहप्रवासी कार्स्टन नीबूर याने 1775 मध्ये प्रसिद्ध केले. मलबारिकसचे वर्णन 1801 मध्ये ब्लॉख आणि श्नायडर यांच्या ग्रंथात आले, तर कोइऑइडिसचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेतील माशांवरील 1822 च्या ग्रंथात केले. त्या काळातील वर्णने चार-सहा ओळींची असत आणि ठिपके असलेल्या कोणत्याही मोठ्या हेकरूला ती थोड्याफार फरकाने लागू पडत. परिणामी सर्वांत जुने असलेले टॉव्हिना हे नाव तिन्ही प्रजातींना सरसकट लावले जाऊ लागले आणि ही सवय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली.

माशांच्या वर्गीकरणात सहसा मोजणीवर भर दिला जातो, कारण मोजलेला आकडा रंगासारखा बदलत नाही. पाठीवरच्या पराला आधार देणारे टणक काटे आणि त्यांच्यामागचे लवचीक किरण, गुदद्वारामागील परातील काटे व किरण, तसेच पार्श्वरेषेवरील छिद्रयुक्त खवले यांची गणना केली जाते. पार्श्वरेषा म्हणजे माशाच्या कुशीवरून शेपटीकडे जाणारी, पाण्यातील हालचाल टिपणारी संवेदनशील छिद्रांची ओळ. येथे मात्र हा खात्रीचा मार्ग अर्ध्यावर अडतो. तिन्ही प्रजातींच्या पाठीवरच्या परात 11 काटे असतात, गुदपरात 3 काटे आणि 8 किरण असतात, आणि शेपटीची कड तिघांचीही गोलाकार असते. पार्श्वरेषेवरील खवले टॉव्हिनामध्ये 63 ते 74, कोइऑइडिसमध्ये 58 ते 65 आणि मलबारिकसमध्ये 54 ते 64 असतात. म्हणजे 70 खवले भरले तर तो मासा टॉव्हिना, हे निश्चित होते. पण 60 खवल्यांचा मासा उरलेल्या दोघांपैकी कोणता, याचे उत्तर ही मोजणी देऊ शकत नाही. मापाचा आधारही एकाच बाजूने मिळतो : टॉव्हिना साधारण पाऊण मीटरपर्यंत वाढतो, उरलेले दोघे एक मीटरच्या पुढे जातात, त्यामुळे फार मोठा मासा टॉव्हिना नव्हे एवढे कळते, लहान माशाबद्दल मात्र काहीच कळत नाही.

अखेर ठिपक्यांकडेच यावे लागते, आणि तेथे संख्येपेक्षा रंग, अंतर व पार्श्वभूमी यांना महत्त्व असते. कोइऑइडिसचे ठिपके नारिंगी-तपकिरी किंवा विटकरी असून डोक्यावर व अंगावर विखुरलेले असतात, आणि त्यांच्याखाली पाच अस्पष्ट, तिरके, पोटाकडे फाटे फुटणारे गडद पट्टे दिसतात. मलबारिकसचे ठिपके काळपट, बारीक आणि एकमेकांपासून दूर असतात, परंतु त्याची खरी खूण ते नव्हेत. ती खूण म्हणजे ठिपक्यांच्या मधूनमधून पसरलेले मोठे, फिकट डाग; ते कोइऑइडिसच्या अंगावर नसतात, आणि घाईत पाहणाऱ्याची नजर गडद खुणांवर खिळत असल्यामुळे नेमके तेच निसटतात. टॉव्हिनाच्या प्रत्येक ठिपक्याचा मध्य कडेपेक्षा गडद असतो, आणि पाठीवरच्या पराच्या शेवटच्या चार काट्यांच्या बुडाशी बहुधा एक मोठा काळा डाग असून तो परावरही चढलेला असतो.

ही लक्षणे जिवंत माशावर जितकी स्पष्ट दिसतात तितकी बाजारातील माशावर दिसत नाहीत. ग्रूपरच्या त्वचेतील रंगपेशी मज्जासंस्थेच्या नियंत्रणाखाली रंगकण पसरवतात किंवा एकवटतात, त्यामुळे खडकाआड दबा धरलेला मासा आणि उघड्यावर पोहणारा तोच मासा यांच्या अंगावरील पट्टे वेगवेगळे दिसू शकतात. मृत्यूनंतर नारिंगी छटा लवकर उतरते आणि बर्फातील कोइऑइडिस केवळ तपकिरी ठिपक्यांचा दिसू लागतो. वयाचाही परिणाम होतो, कारण कोइऑइडिस वाढत जातो तसे त्याचे ठिपके लहान आणि अधिक दाट होत जातात. म्हणून एका लक्षणावरून निर्णय न देता अनेक लक्षणे एकत्र पाहणे आणि मासा कोठे सापडला याची नोंद ठेवणे, हीच विश्वासार्ह पद्धत ठरते. टॉव्हिना हा स्वच्छ पाण्यातील प्रवाळखडकांचा रहिवासी आहे, तर इतर दोघे प्रवाळाबरोबरच गढूळ पाण्याचे खडक, खाड्या आणि खारफुटीतही आढळतात, आणि त्यांची पिल्ले तर बहुधा खाडीतच वाढतात. या दृष्टीने पाहता कोकणातील खाडीत मिळालेल्या ठिपकेदार हेकरूच्या पिल्लाला टॉव्हिना म्हणण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागेल.

नावाच्या या चुकीची किंमत मत्स्यसंवर्धनाच्या क्षेत्राने मोजली. ग्रूपर जन्मतः मादी असून पुढे त्यांतील काही नर होतात, आणि पिंजऱ्यातील पैदाशीसाठी हे लिंगांतर समजून घेणे आवश्यक असल्यामुळे आखाती देशांत व आग्नेय आशियात त्यावर बरेच संशोधन झाले. त्यातील पुष्कळसे टॉव्हिनाच्या नावाने प्रसिद्ध झाले, मात्र अभ्यासलेला मासा बहुतांशी कोइऑइडिस होता. रँडल आणि हीम्स्ट्रा यांनी 1991 मध्ये हिंद-प्रशांत ग्रूपरचे पुनरवलोकन करून तिन्ही नावांची फारकत केली, तरी त्याआधीचा प्रत्येक प्रबंध आजही मासा पुन्हा ओळखूनच वाचावा लागतो. खाणाऱ्याच्या दृष्टीनेही हा भेद निरर्थक नाही. प्रवाळावरील सूक्ष्म शैवालात तयार होणारे आणि अन्नसाखळीतून मोठ्या शिकारी माशांत साठणारे सिग्वाटेरा नावाचे विष शिजवल्याने नष्ट होत नाही, आणि प्रवाळावर राहणाऱ्या टॉव्हिनाचा या विषबाधेशी संबंध आढळला आहे.

आता ही ओळख जनुकांवर सोपवण्याकडे कल आहे. कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये मांडलेल्या डीएनए बारकोड पद्धतीत पेशीतील तंतुकणिकेच्या एका जनुकातील सुमारे 650 अक्षरांचा क्रम वाचून तो ज्ञात प्रजातींच्या क्रमांशी ताडला जातो. डोके व कातडी काढलेल्या तुकड्यावरूनही प्रजाती सांगता येते, हा तिचा मोठा लाभ. परंतु ज्या नमुन्याशी तुलना करायची तोच मुळात चुकीच्या नावाने संग्रहात ठेवला गेला असेल तर यंत्र ती चूक निमूटपणे पुढे चालवते. शिवाय मत्स्यशेतीने एक नवी अडचण निर्माण केली आहे. मलेशियातील साबा येथे टायगर ग्रूपरची मादी आणि जायंट ग्रूपरचा नर यांचा संकर करण्यात आला आणि तो झपाट्याने वाढत असल्यामुळे आशियातील शेतांत पसरला. तंतुकणिका केवळ आईकडून मिळत असल्यामुळे अशा संकरित माशाचा बारकोड त्याला शुद्ध टायगर ग्रूपर ठरवतो. बापाचा वाटा शोधायचा तर पेशीकेंद्रातील, दोन्ही पालकांकडून येणारी जनुके स्वतंत्रपणे तपासावी लागतात.